छप्पर उघडं, पट्टा घट्ट

मुलगी जन्माला आली की आपल्याकडे एकच घोर लागतो. तिच्या डोक्यावर छप्पर हवं. आधी बापाचं, मग नवऱ्याचं, म्हातारपणी मुलाचं. पत्र्याचं असो, कौलारू असो नाहीतर स्लॅबचं, पण असावं. घरकुलाचे अर्ज भरून देताना मी कितीतरी बायकांच्या तोंडून हे वाक्य ऐकलंय, ‘ताई, बाकी काही नको, डोईवर छप्पर तेवढं मिळू दे.’

आणि याच जगात अशीही माणसं आहेत, जी कोट्यवधी रुपये मोजून मोटार घेतात आणि वर आणखी पैसे भरतात ते कशासाठी, तर तिचं छप्पर काढून ठेवता यावं म्हणून! फेरारी, लॅम्बोर्गिनी, मॅकलॅरेन अशा कंपन्यांच्या वेगवान गाड्या बंद टपाच्याही मिळतात आणि उघड्या टपाच्याही. उघडीला ‘स्पायडर’ म्हणतात आणि ती बंद गाडीपेक्षा सहसा महागच असते. पूर्वीच्या काळी परदेशात एक हलकी घोडागाडी असायची, तिला स्पायडर म्हणत. तिचं नाव या मोटारींना चिकटलं.

आता तुम्ही म्हणाल, भाजीचे भाव, मुलांच्या फिया, पाण्याचे टँकर सोडून या बाईला हे काय सुचलं? तर त्याचं असं झालं. जानेवारीत रस्ता सुरक्षा अभियान असतं, तेव्हा आमच्या महिला मंडळातर्फे आम्ही गावातल्या कॉलेजात मुलींशी बोलायला जातो. हेल्मेट, लायसन्स, तिघींनी एका स्कूटीवर बसू नका, हे नेहमीचं सगळं सांगून झालं. प्रश्न विचारा म्हटल्यावर मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. म्हणाली, ‘मॅडम, त्या उघड्या टपाच्या सुपरकार असतात ना, त्या सेफ असतात का?’

सगळा वर्ग हसला. मला मात्र तो प्रश्न आवडला. आमचं गाव पुणे-बंगळूर महामार्गापासून सात-आठ किलोमीटर आत. रविवारी सकाळी हायवेवरच्या हॉटेलात मिसळ खायला गेलं की कधीतरी जमिनीला टेकेल अशी एखादी लाल-पिवळी गाडी गुरगुरत निघून जाते. पोरं मोबाईल काढून धावतात. या मुली ते व्हिडिओ बघतात. त्या गाडीत बसलेल्या बाईचे भुरभुरणारे केस बघतात. आणि गावात लग्नसराई सुरू झाली की हीच हौस उघड्या जीपच्या रूपाने आपल्या दारात येते. म्हणून म्हटलं, नीट माहिती काढून पुढच्या वेळी या मुलीला उत्तर द्यायचंच.

वाऱ्याची ओढ

खरं तर मोटार जन्मली तीच मुळी उघडी. १८८८ च्या ऑगस्टमध्ये जर्मनीत बर्था बेंझ ही बाई नवऱ्याने बनवलेली तीन चाकांची गाडी, त्याला न सांगता, दोन मुलांना घेऊन माहेरी घेऊन गेली. मानहाइम ते फोर्झहाइम, शंभराहून अधिक किलोमीटर. डोक्यावर टप नाही, रस्ता मातीचा. इंधनाची नळी तुंबली तर हिने टोपीची पिन घालून ती साफ केली. वायरला आवरण हवं होतं तर मोज्याचा गार्टर काढून गुंडाळला. इंधन संपलं तेव्हा चक्क औषधाच्या दुकानातून विकत घेतलं. जगातला मोटारीचा पहिला लांबचा प्रवास एका बाईने केला, तोही माहेरच्या ओढीने. आहे की नाही आपल्यातलीच!

पुढे इंग्लंडच्या डोरोथी लेव्हिट हिने १९०९ मध्ये मोटार चालवणाऱ्या बायकांसाठी पुस्तकच लिहिलं. त्यात तिने एक छोटा हातआरसा जवळ ठेवायला सांगितलं होतं, मधूनमधून वर धरून मागून कोण येतंय ते बघायला. तेव्हा गाडीला मागचं दिसणारे आरसे नसायचे. गाडीतला आरसा आज आपल्याला इतका साधा वाटतो, पण ती युक्ती एका बाईच्या पर्समधून आली होती. उघड्या गाडीत लेस, झालरी असलं काही फडफडणारं घालू नका, हेही तिने बजावलं होतं. ते लक्षात ठेवा, पुढे त्याचं काम आहे.

वारा, ऊन, झाडांचा वास, इंजिनचा आवाज हे सगळं अंगावर घेत जायचं, ही उघड्या गाडीची खरी मजा. शिवाय ‘आपल्याला लोकांनी बघावं’ हाही भाग असतोच, तो कशाला नाकारायचा? तमारा द लेंपिका या चित्रकर्तीने १९२९ मध्ये स्वतःचं एक चित्र काढलं. डोक्याला घट्ट टोपी, हातात मोजे, गळ्यात स्कार्फ आणि हिरव्या बुगाटीचं स्टिअरिंग. ‘डी डामे’ या जर्मन महिला मासिकाच्या मुखपृष्ठासाठी ते काढलं होतं. त्या काळच्या बाईला त्या चित्रातून कळलं असेल, की गाडीत मागे बसण्यापेक्षा पुढे बसून चालवण्यात काहीतरी वेगळं आहे.

आपल्या सिनेमावाल्यांनी तर ही ओढ पुरेपूर वापरली. ‘चलती का नाम गाडी’तली ती जुनाट उघडी मोटार आठवा, ‘आराधना’तली जीप आठवा. ‘दिल चाहता है’ आल्यापासून तर उघड्या गाडीतून गोव्याला जाणं हे एका अख्ख्या पिढीचं स्वप्न झालं. कोल्हापूरकर मैत्रिणींना मी वेगळं सांगायला नकोच. शाही दसऱ्याला दसरा चौकात मेबॅक मोटार येते, तेव्हा लेकरांना खांद्यावर घेऊन आपण टाचा उंचावतोच की! बंद काचांच्या गाडीला ती शोभा नाही.

झाकण काढलेला डबा

पण शोभा वेगळी आणि सुरक्षा वेगळी. टप काढला की नेमकं काय होतं? माझा भाचा जर्मनीत स्टुटगार्टला मोटारींच्या कारखान्यात इंजिनिअर आहे. त्याला फोनवर विचारलं तर म्हणाला, ‘मावशी, तू फराळाचा पत्र्याचा चौकोनी डबा घे. झाकण घट्ट लावून पिळून बघ. पिळवटतो का? आता झाकण काढून पिळ.’

मी खरंच डबा काढला. झाकण असताना तो दाद देत नव्हता, झाकण काढल्यावर कडा लगेच वाकड्या व्हायला लागल्या. मोटारीचं अगदी तसंच आहे. टप हे नुसतं उन्हापावसाचं छत नसतं. पुढचे, मधले आणि मागचे खांब एकत्र बांधून ठेवणारं ते झाकण असतं. ते काढलं तर गाडी खड्ड्यातून जाताना पिळवटते आणि उलटली तर आतल्या माणसाच्या डोक्याशी जमीन येते. म्हणून साध्या गाडीचा टप काढून तिची उघडी गाडी करायची, तर तळ, दाराखालचे पट्टे आणि समोरच्या काचेची चौकट अशा जागी जास्तीचं पोलाद भरावं लागतं. टप जातो, पण वजन वाढतं!

या भीतीपायी अमेरिकेत १९७० च्या आसपास अशी वेळ आली होती, की उलटण्याच्या धोक्यामुळे सरकार उघड्या गाड्यांवर बंदीच घालेल असं सगळ्यांना वाटत होतं. पोर्शे कंपनीने त्याआधीच, १९६५ मध्ये, ‘टार्गा’ नावाची गाडी दाखवली होती. तिचा मधला टप निघायचा, पण सीटच्या मागे एक जाड आडवी कमान कायम राहायची. १९७६ ची कॅडिलॅक एल्डोराडो तर ‘अमेरिकेतली शेवटची उघडी गाडी’ म्हणून विकली गेली. बंदी काही आली नाही आणि १९८२ मध्ये अमेरिकी कंपन्यांनी उघड्या गाड्या पुन्हा काढल्या.

मग इंजिनिअर मंडळींनी डोकं लावलं. १९८९ मध्ये मर्सिडीजने एक उघडी गाडी आणली, तिच्यात सीटच्या मागे एक लोखंडी कमान झोपवून ठेवलेली असे. गाडी उलटतेय असं यंत्राला कळलं की ती सेकंदाच्या तिसऱ्या हिश्शाच्या आत ताडकन उभी राहायची. पुढे व्होल्व्होने दरवाजातून वर उघडणारी हवेची उशी बसवली, कारण टपच नाही तर बाजूची एअरबॅग लटकवणार कुठे?

सुपरकारची तऱ्हा आणखी वेगळी. १९९२ मध्ये मॅकलॅरेनने रस्त्यावर चालणारी एक गाडी अशी बनवली, जिचा सांगाडा पोलादाचा नव्हता, कार्बन फायबरचा होता. कार्बनचे धागे विणायचे, त्यांना राळेसारख्या रसायनात भिजवायचं, साच्यात थरावर थर लावायचे आणि बंद भट्टीत दाब आणि उष्णता देऊन पक्के करायचे. भाचा म्हणाला, ‘आपला प्रेशर कुकरच समज, फक्त खोलीएवढा.’ त्यातून जे निघतं ते एखाद्या आंघोळीच्या टबासारखं, वजनाला हलकं आणि ताकदीला जबरदस्त. सगळी ताकद टबातच असल्यामुळे टप काढला तरी फारसं बिघडत नाही. २०१८ मध्ये आलेली मॅकलॅरेन ७२०एस स्पायडर बंद टपाच्या गाडीपेक्षा फक्त ४९ किलोने जड होती. आणि तिचा टप किती वेळात उघडतो? ११ सेकंदांत, तोही गाडी ताशी ५० किलोमीटरने चालू असताना. तव्यावरची पोळी उलटेपर्यंत आकाश मोकळं!

मोटार शर्यतीतलं उदाहरण तर फारच बोलकं आहे. फॉर्म्युला वन गाड्या उघड्याच असतात. २०१८ पासून त्यांच्यावर ड्रायव्हरच्या डोक्याभोवती टायटॅनियमची एक कमान सक्तीची झाली. तिला ‘हेलो’ म्हणतात. दिसायला अगदी हवाई चपलेच्या पट्ट्यासारखी! शोभा गेली म्हणून तेव्हा कितीतरी ड्रायव्हर नाराज होते, त्यात फ्रान्सचा रोमँ ग्रोजाँ हाही होता. २९ नोव्हेंबर २०२० ला बहारीनच्या शर्यतीत त्याचीच गाडी ताशी १९० किलोमीटरच्या आसपास कठड्यावर आदळली, दोन तुकडे झाले, आग लागली. जवळजवळ अर्धा मिनिट तो ज्वाळांत होता आणि तरी स्वतः बाहेर आला. हात भाजले, पण जीव वाचला. हेलो नसता तर आपण वाचलो नसतो, हे त्यानेच नंतर सांगितलं. नको म्हणत होतो तीच वस्तू शेवटी कामाला आली, हा अनुभव घरोघरच्या आयांना नवीन नाही.

मग दोष कुणाचा?

अमेरिकेत विमा कंपन्यांच्या पैशावर चालणारी एक महामार्ग सुरक्षा संस्था आहे. तिने २०२० मध्ये उघड्या टपाच्या नव्या गाड्यांची तुलना त्याच गाड्यांच्या बंद प्रकाराशी केली. फक्त सुपरकार नव्हेत, सगळ्याच उघड्या गाड्या. मला वाटलं होतं उघड्या गाड्यांत माणसं जास्त मरत असतील. तर निघालं उलटंच. सारख्याच अंतरामागे उघड्या गाड्यांचे अपघात ६ टक्के कमी आणि चालकांचे मृत्यू ११ टक्के कमी. मृत्यूंमधला हा फरक योगायोगाचाही असू शकेल, असंही संस्थेने प्रामाणिकपणे सांगितलं. म्हणजे उघडी गाडी जास्त सुरक्षित आहे असा अर्थ काढायचा नाही, पण ती जास्त धोक्याची आहे असंही आकडे म्हणत नाहीत. एक गोष्ट मात्र होती. मृत्यू झालेल्या चालकांत गाडीबाहेर फेकल्या गेलेल्यांचं प्रमाण बंद गाडीत १७ टक्के, तर उघडीत २१ टक्के होतं. म्हणजे टप नसेल तर माणसाला धरून ठेवायला उरतो तो एकच, सीटचा पट्टा.

आणि दुसरी गोष्ट म्हणजे वेग. बुगाटीच्या ‘मिस्त्राल’ या उघड्या गाडीने नोव्हेंबर २०२४ मध्ये जर्मनीतल्या चाचणीच्या रस्त्यावर ताशी ४५३.९१ किलोमीटर वेग गाठला. एका सेकंदात सव्वाशे मीटर! ते चाचणीचं मैदान होतं, समोर गुरं नाहीत, गतिरोधक नाही, ऊसाची ट्रॉली नाही. रस्त्यावर काय होतं त्याचं उदाहरण हॉलिवूडचा नट पॉल वॉकर. ‘फास्ट अँड फ्यूरियस’ सिनेमांमुळे आपल्या पोरांनाही तो माहीत आहे. ३० नोव्हेंबर २०१३ ला कॅलिफोर्नियात तो मित्राशेजारी बसून पोर्शे कॅरेरा जीटीमधून निघाला होता. टप काढता येणारी, कार्बन फायबरच्या सांगाड्याची गाडी. त्या रस्त्यावर मर्यादा होती ताशी साधारण ७२ किलोमीटरची. तपासात निघालं की गाडी १२९ ते १५० च्या दरम्यान होती. आणखी एक गोष्ट निघाली. टायर नऊ वर्षांचे जुने होते. गाडी खांबावर, झाडांवर आदळली, पेटली, दोघेही गेले. वॉकर चाळीस वर्षांचा होता, मागे पंधरा वर्षांची मुलगी.

या अपघातात मला टप कुठेच दोषी दिसत नाही. दिसतो तो वेग आणि जुनं झालेलं रबर. वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यावर गाडी थांबायला लागणारं अंतर दुप्पट नाही, चौपट होतं. हे गणित कोटीच्या गाडीला जेवढं लागू, तेवढंच आपल्या हप्त्यावर घेतलेल्या गाडीलाही.

बंद टप आणि महागडी गाडी एवढ्याने जीव वाचत नाही, हे तर आपण आपल्याच राज्यात पाहिलंय. ४ सप्टेंबर २०२२ ला पालघर जिल्ह्यात पुलाच्या कठड्यावर मर्सिडीज आदळली आणि उद्योगपती सायरस मिस्त्री गेले. ते मागच्या सीटवर होते आणि मागे बसलेल्या दोघांनीही पट्टा लावला नव्हता, असं पोलिसांनी सांगितलं. ते दोघेही गेले. पुढे बसलेले दोघं जबर जखमी झाले, पण वाचले.

ओढणीची गोष्ट

आता त्या झालरीच्या गोष्टीकडे येते. इझाडोरा डंकन ही अमेरिकेची जगप्रसिद्ध नर्तकी. १४ सप्टेंबर १९२७ च्या रात्री फ्रान्समधल्या नीस शहरात ती एका छोट्या उघड्या मोटारीत बसली. गळ्यात लांबलचक रेशमी स्कार्फ होता. गाडी निघाली, स्कार्फचं टोक चाकात अडकलं आणि क्षणात गळ्याला फास बसला. पन्नाशीची ती मोठी कलावंत बाई जागीच गेली. गाडीचा वेग नव्हता, टक्कर नव्हती. फक्त वाऱ्यावर उडणारं एक वस्त्र.

ही गोष्ट मी कॉलेजात सांगितली तेव्हा वर्ग एकदम गप्प झाला. कारण ही गोष्ट नीसची असली तरी आपल्या प्रत्येकीच्या गावात घडते. आमच्या गल्लीतली एक सूनबाई नवऱ्याच्या मोटारसायकलवर मागे बसून माहेरी निघाली होती. ओढणी मागच्या चाकात गेली. नशीब म्हणून मानेला टाके पडण्यावर निभावलं. गाडी घेतल्यावर तिची साडीगार्ड काढून टाकली होती, ‘लुक’ जातो म्हणून! केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२३ वा नियम सांगतो, की मोटारसायकलवर मागे बसणाऱ्याला धरायला मूठ हवी, पाय ठेवायला जागा हवी आणि कपडे अडकू नयेत म्हणून मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकलेला हवा. नियम आहे, जाळीही गाडीबरोबर येते. ती काढणारे आपलेच लेक असतात.

वरातीतली जीप

आता मूळ मुद्दा. आपल्या गावात लॅम्बोर्गिनी येणार नाही, पण उघडी जीप येते. सनरूफची गाडी तर आता शेजारच्या वाड्यातही आहे. नवरीची ‘एन्ट्री’ जीपमधून हवी, व्हिडिओ हवा, गॉगल हवा. २०२१ च्या जुलैत पुणे जिल्ह्यात एक नवरी चालत्या गाडीच्या बॉनेटवर बसून दिवे घाटातून लग्नाला निघाली. व्हिडिओ पसरला आणि पोलिसांनी गुन्हा नोंदवला. लोकांनी त्या मुलीलाच नावं ठेवली. मला आठवतं, तेव्हा मी म्हटलं होतं, की हौस करावी, पण बॉनेटवर बसायला सीट नसते आणि पट्टाही नसतो.

इथे सुपरकारची माहिती उपयोगी पडते बघा. उघड्या गाडीतली ती मजबूत कमान कुणाला वाचवते? जो तिच्या उंचीच्या खाली, सीटवर, पट्टा लावून बसलाय त्यालाच. सीटच्या पाठीवर चढून बसलं, कमानीला धरून उभं राहिलं की सगळं शास्त्र फुकट. ब्रेक लागला तर गाडी थांबते, उभा माणूस थांबत नाही. सनरूफमधून पोरांना बाहेर काढून उभं करणारे आईबाप तर रोज दिसतात. अचानक ब्रेक लागला तर त्या पोराची छाती टपाच्या कडेवर आपटणार. वर विजेच्या तारा, झाडाच्या फांद्या, पतंगाचा मांजा. उघड्या टपातून जग बघायचं असेल तर बसून बघावं.

गेल्या वर्षी आमच्या मंडळातल्या एका सभासद बाईंच्या मुलीचं लग्न होतं. मुलीला जीपमधूनच यायचं होतं, उभं राहून, तलवार हातात घेऊन. आईचा ठाम नकार. घरात अबोला. आई माझ्याकडे आली, ‘वहिनी, तुम्हीच सांगा हिला. लोक काय म्हणतील, पोरगी जीपवर उभी!’ मुलगी म्हणाली, ‘काकू, दादा घोड्यावर बसला तेव्हा कुणी काही बोललं नाही.’ तिचं म्हणणं खोटं नव्हतं. आईची काळजीही खोटी नव्हती, फक्त ती चुकीच्या जागी लागली होती. लोक काय म्हणतील यापेक्षा ब्रेक लागला तर काय होईल, हा प्रश्न मोठा.

मी मुलीला विचारलं, ‘तुझ्याकडे लायसन्स आहे ना? मग उभी कशाला राहतेस, तूच चालव की.’ ती बघतच राहिली. शेवटी तिने नऊवारी नेसून, पदर नीट खोचून, पट्टा लावून, स्वतः जीप चालवत मंडपात प्रवेश केला. चालीच्या वेगाने. शेजारी तिचे वडील, तेही पट्टा लावून. माणसं बाजूला ठेवायला पुढे आमच्या चार बायका. तलवार राहिली घरी. आईने तोंडाला पदर लावला होता, पण तो रडण्यासाठी नव्हता, हसू लपवायला होता. गावात आठ दिवस चर्चा झाली. ‘चालवत आली पोरगी’ असं बोलत होते लोक, ‘जीपवर उभी होती’ असं कुणी म्हणालं नाही.

एवढं करा

मैत्रिणींनो, सुपरकार आपण घेणार नाही. पण तिच्यातून शिकण्यासारखं बरंच आहे. उघड्या जीपमध्ये, सनरूफच्या गाडीत किंवा स्कूटीवर, ही चार-पाच कामं आजच करा.

पट्टा मागच्या सीटवरही लावा. भाड्याच्या गाडीत तो सीटच्या खाली कोंबलेला असतो. ड्रायव्हरला काढायला लावा, लाजू नका.

टायर किती जुना ते बघा. टायरच्या बाजूला चार आकडे लिहिलेले असतात. पहिले दोन आठवड्याचे, नंतरचे दोन सालाचे. ‘२३१९’ असेल तर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला टायर. नक्षी दिसतेय म्हणजे टायर चांगला, असं नसतं. रबरही म्हातारं होतं.

ओढणी, पदर, स्कार्फ गाडीवर बसण्यापूर्वी बांधा, बसल्यावर नव्हे. साडीगार्ड काढू देऊ नका, काढली असेल तर परत बसवा. फार खर्च येत नाही.

चार वर्षांपर्यंतच्या बाळाला दुचाकीवर नेताना चालवणाऱ्याला जोडणारा पट्टा आणि बाळाला हेल्मेट हवं, वेगही ताशी ४० किलोमीटरच्या आत हवा. २०२२ मध्ये तसा नियम निघाला आहे.

उघड्या गाडीतून लांब जायचं असेल तर काचा वर ठेवा. टप उघडा ठेवून हायवेच्या वेगाने जाताना वाऱ्याचा आवाज ८५ डेसिबलच्या वर जाऊ शकतो. तासन्‌तास तो कानाला बरा नाही. आणि आपल्याकडच्या उन्हात डोक्याला सुती रुमाल, पाण्याची बाटली हवीच.

सगळ्यात शेवटचं आणि सगळ्यात महत्त्वाचं. मुलींना गाडी शिकवा. आमच्या मंडळाने दोन वर्षांत गावातल्या अकरा जणींना लायसन्स काढून दिलं, त्यात एक पंचावन्न वर्षांच्या शाळेतल्या बाई आहेत. मागच्या सीटवर बसणारीला ‘जरा हळू चालव’ म्हणावं लागतं आणि ते ऐकलं जाईलच असं नाही. स्टिअरिंग हातात असलेलीला म्हणावं लागत नाही. ब्रेक तिच्या पायाखाली असतो.

कॉलेजातल्या त्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर माझ्यापुरतं असं आहे. गाडी उघडी आहे की बंद, कोटीची आहे की लाखाची, यावर सुरक्षा ठरत नाही. ती नीट बांधलेली आहे का, तिचे टायर धड आहेत का, ती किती वेगात आहे आणि आत बसलेल्या प्रत्येकाने पट्टा लावलाय का, यावर ठरते. एवढं पाळलं, तर वाऱ्यावर केस उडवायला माझी काहीच हरकत नाही. आपल्या बायकांच्या वाट्याला मोकळं आकाश तसंही कमीच येतं. आलं की भरभरून घ्यावं, बसून, पट्टा लावून.